मनगटावरचा फेब्रुवारी

फेब्रुवारी सरत आला की आमच्या नाहूरच्या बिल्डिंगांचा आवाज कोणीतरी बटण फिरवून कमी केल्यासारखा होतो. तिसऱ्या मजल्यावरचा ढोलकीवाला ढोलकीला गोधडी गुंडाळून ठेवतो. कुकर शिट्टी मारायच्या आधी दोनदा विचार करतो. ज्या घरात बारावीचं पोर आहे त्या दारावरून जाताना माणसं चपला हातात घेतात. म्हणजे चपला मी एकट्यानेच घेतल्या होत्या, आणि ते दार माझंच होतं, पण घेतल्या होत्या हे खरं.

सकाळी अंगावर बारीक शहारा, अकराला कपाळावर घाम, असा हा दुटप्पी ऋतू. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत असतात, त्यांचा ओलसर, जिऱ्याचा वास जिन्यातून पायरी पायरी खाली उतरतो. मागच्या कंपाउंडातल्या आंब्याला मोहोर येतो आणि सगळ्या सोसायटीला शिंका. स्टेशनबाहेर पहिल्या कैऱ्या येतात, फोडी करून, तिखटमीठ लावून. यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या जाधवांच्या मुलीची बारावी आहे. पहाटे दूध घ्यायला उतरतो तेव्हा तिच्या खिडकीत ट्यूबलाइट जळत असते, आणि ती बघितली की माझं डावं मनगट खाजायला लागतं. डॉक्टर म्हणतात घामोळं. मी म्हणतो, फेब्रुवारी.

त्या एका फेब्रुवारीची गोष्ट सोसायटीने माझ्याच तोंडून अकरा प्रकारांनी ऐकलेली आहे. एका प्रकारात पोलीस येतात. एकात मी भिंतीवरून उडी मारतो. माझा घेर बघता तो प्रकार मी फक्त नवीन भाडेकरूंना सांगतो. आमच्याकडे रविवारी सकाळी वंदना होते, पंचशील म्हणतो आम्ही, आणि चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं की माझी बायको सुनंदा एक डोळा उघडून माझ्याकडे बघते. वीस वर्षं बघतेय. तर हा बारावा प्रकार. यात पोलीस नाहीत.

मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत साठेक इमारतींच्या लिफ्टा माझ्या जिवावर वरखाली करतात. कोणी अडकलं की मला फोन. त्यामुळे फोन हाताला कायमचा चिकटलेला. पण त्या फोनात अडकलेल्या माणसांपेक्षा ग्रुप जास्त. गावाकडचा बुलढाण्याचा ग्रुप, विहाराचा, सोसायटीचा, लिफ्टवाल्यांचा, सासुरवाडीचा, सासुरवाडीला वगळून केलेला एक. या सगळ्यांवर माझी बातमीपत्रं निघायची, सकाळ आवृत्ती आणि सायंकाळ आवृत्ती.

आदल्या वर्षी माझी मुलगी प्रज्ञा बारावीला बसली होती. गणिताच्या पेपरच्या सकाळी मी सगळ्या ग्रुपांवर तिचा फोटो टाकला. ‘कन्या आज गणिताचा पेपर देत आहे, आशीर्वाद असावेत.’ आशीर्वाद? नळ फुटल्यासारखे आले. रिक्षात मी ते तिला एकेक वाचून दाखवत होतो. बुलढाण्याची आत्या, लिफ्टच्या दोरांचा पुरवठादार, ज्याला मी आयुष्यात एकदा लग्नात भेटलो असा कोणाचा तरी मेव्हणा. प्रत्येकाच्या शेवटी जोडलेले पिवळे हात. गेटपर्यंत वाचत होतो. ती आत गेली तरी दोन राहिलेच होते, ते मी ओरडून सांगितले.

पेपर अकरा ते दोन असतो. ही साडेबाराला बाहेर. पेन हातात तसंच, टोपण न लावलेलं. उरलेल्या पेपरांना गेलीच नाही. जुलैच्या परीक्षेचा फॉर्मही भरला नाही.

तीन दिवसांनी स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता म्हणाली, “पप्पा, प्रश्न वाचला की ते हात दिसायचे. ओळीने. एवढ्या लोकांना आता काय सांगायचं, असं झालं मला. मग उठले.”

लसणाची सालं पंख्याने घरभर उडाली होती. मी ती गोळा करत बसलो.

पुढच्या वर्षी तिने परत फॉर्म भरला आणि डिसेंबरात एक अट घातली. मला वाटलं क्लास बदलायचा असेल, नाहीतर वेगळी खोली हवी असेल. आमच्या दोन खोल्यांत तिला वेगळी खोली म्हणजे मला जिन्यात झोपावं लागलं असतं. त्याचीही तयारी होती.

“परीक्षा संपेपर्यंत तुमचा फोन बंद,” ती म्हणाली. “तर मी तीन तास बसेन.”

“माझा? अगं, परीक्षा तुझी आहे ना?”

“म्हणूनच.”

सुनंदा पोस्टात काउंटरवर बसते, तिला सहीशिवाय काही पटत नाही. तिने कागद आणला, माझी सही घेतली, फोन उशीच्या अभ्र्यात घालून माळ्यावर टाकला आणि शिडी शेजारच्यांकडे ठेवायला दिली.

“आणि लिफ्टमध्ये अडकलेली माणसं?” मी शेवटचं अस्त्र काढलं. “त्यांना काय वाफ करून बाहेर काढू?”

तोडगा काढला मिलिंदने. मिलिंद म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ, घाटकोपरला मोबाईलच्या दुकानात असतो. त्याने एक घड्याळ आणलं. काळं, चौकोनी, चहात बुडवायच्या बिस्किटाएवढं.

“दाजी, यात सिम आहे. आतल्या आत. नंबर तुमचाच. फोन माळ्यावर मेला तरी हे वाजणार. कॉल येतो, कॉल जातो, छोटा मेसेज दिसतो. बाकी काय नाय.”

“ग्रुप?”

“बसवलेच नाय ना. ताईने सांगितलंय.”

“फोटो?”

“कॅमेराच नाय त्याला. मनगटाने काय सेल्फी काढणार तुम्ही?”

प्रज्ञाने ते हातात घेतलं, विमानतळावर बॅग तपासतात तसं दोन्ही बाजूंनी बघितलं. मग म्हणाली, “हे चालेल. हे घड्याळच आहे.”

तिचं हे वाक्य मी मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं, ते पुढे येईल.

जानेवारीचे पहिले पंधरा दिवस उजवा हात दर चार मिनिटांनी खिशात जायचा आणि दाराला कुलूप बघून परतणाऱ्या पाहुण्यासारखा बाहेर यायचा. मांडीवर थरथर जाणवायची. फोन तर माळ्यावर, अभ्र्यात. मग थरथरत कोण होतं? मी मिलिंदला विचारलं. तो म्हणाला, “दाजी, तुम्हीच.” मला अजून ते उत्तर नीट कळलेलं नाही.

घड्याळ बोलायचं मोठ्याने. रिक्षात सुनंदाचा फोन आला की मी मनगट तोंडाशी न्यायचो आणि सिग्नलला उभी अख्खी लाईन ऐकायची, “अहो, कोथिंबीर आणा, आणि मागच्या वेळेसारखी जून नको!” रिक्षावाला न वळता म्हणायचा, “आगे ताजी मिलेगी साहब, रोकू क्या?” मुलुंडच्या बसस्टॉपवर एका आजींनी मला मनगटाशी पुटपुटताना बघून हळूच विचारलं, “कुठल्या महाराजांचं नाम आहे हो?” मी म्हटलं, “आजी, सातव्या मजल्यावर कुत्र्यासकट बाई अडकलीय.” त्यांनी हात जोडले. वडापाववाला म्हणाला, “स्कॅन करा ना काका.” मी मनगट त्या चौकोनावर टेकवलं, वर धरलं, उलटं धरलं, शेवटी आरती ओवाळल्यासारखं फिरवलं. त्याने झारा खाली ठेवला. “काका, तुमच्या घड्याळाला डोळा कुठाय?”

दर तासाला ते सांगायचं, उभे राहा. मी मुळात सांगितलेलं ऐकणारा माणूस, मी उभा राहायचो. विहारात प्रवचन रंगात आलं असताना उभा राहिलो, तर मागच्या चाळीस जणांना वाटलं संपलं, तेही उभे राहिले, आणि भन्तेजींनी वाक्य अर्ध्यात सोडून सगळ्यांना आशीर्वाद देऊन टाकला. बरं, चाळीस नव्हते. चौघं होते. पण वाक्य अर्ध्यात राहिलं, आणि ते पुढे काय होतं हे मी अजून शोधतोय.

ते पावलं मोजायचं. एका रविवारी जिन्यात बसून मी वॉचमनला नवव्या मजल्याच्या लिफ्टचा किस्सा सांगितला, रीतसर हातवारे करून. किस्सा संपला तेव्हा घड्याळात चार हजार पावलं. बसल्या जागी! मिलिंद म्हणाला, “दाजी, तुमचं तोंड बंद केलं तर तब्येत बिघडेल तुमची.” मी हसलो, पण रात्रभर तेच डोक्यात. म्हणजे आजवर मी जेवढं चाललो असं मला वाटत होतं, ते चाललो होतो की नुसतं सांगितलं होतं?

फोन तरी खाली ठेवता येतो. उपडा घालता येतो, त्याच्यावर उशी दाबता येते. हे मनगटाला बांधलेलं. माझी नाडी मोजणार, झोप मोजणार, आणि वर शहाण्यासारखं गप्प बसणार. मी त्याला वापरतोय की ते मला सांभाळतंय, हे मला दोन महिने ठरवता आलं नाही. सांभाळण्यावरून आठवलं, आमच्या गावी बैलाच्या गळ्यात घंटा असायची. बैलाला वाटायचं दागिना आहे.

जानेवारीच्या शेवटी मुलुंड पूर्वेच्या एका टॉवरवर मशीनरूमचं काम निघालं. गच्चीचं लोखंडी दार ढकललं तर समोर खाडी. ओहोटी होती. चिखल चकाकत होता, आणि चिखलाच्या कडेने एक गुलाबी रेघ. कोणीतरी खडूने आखून अर्धी पुसल्यासारखी. फ्लेमिंगो. पाच लाख होते. निदान दोन हजार. उजवा हात खिशात गेला, रिकामा आला. डावं मनगट वर केलं तर ते म्हणालं, ठोके अठ्ठ्याण्णव. मग मी नुसताच उभा राहिलो, हातात ग्रीसचा डबा. वारा खारट होता. खालून कुठल्यातरी मजल्यावर लिफ्ट थांबल्याची घंटी वाजत होती आणि कोणी दार उघडत नव्हतं.

घरी येऊन सांगितलं. सुनंदा म्हणाली, “हो का.” तिचा हा ‘हो का’ असा असतो की त्यात चौथं शील पूर्ण ऐकू येतं. फोटो असता तर तिच्या तोंडावर मारला असता, सगळ्या ग्रुपांवर टाकला असता, बुलढाण्याला गुलाबी करून सोडलं असतं. आता काय? पुरावा नाही. आणि माझ्यासारख्या माणसाची हीच पंचाईत, की ज्याचा पुरावा नाही ते त्याचं त्यालाच पटत नाही. होते ना तिथे? की मशीनरूमच्या अंधारातून एकदम उजेडात आल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं काही?

प्रज्ञा पाय तांदळाच्या पिंपावर टेकवून गणितं सोडवत होती. मान वर न करता तिने विचारलं, “उडाले का?”

“कोण?”

“फ्लेमिंगो.”

“नाही. उभे होते. एका पायावर. बराच वेळ.”

“बरंय,” ती म्हणाली, आणि पान उलटलं.

त्या दिवसांत संध्याकाळी घरात करायला काही नसायचं म्हणून मी तिच्याकडे बघत बसायचो. गणित सुटलं की ती कानाची पाळी ओढते. अडलं की पेनाचं टोपण वाजवते, टक टक, मग एकदम थांबते. अठरा वर्षं ही मुलगी माझ्या घरात होती आणि हे मला माहीत नव्हतं. ही माया म्हणायची, की नेटवर्क नसल्याचा परिणाम? तेव्हाही कळलं नाही.

इंग्रजीचा पेपर झाला. फिजिक्सचा झाला. दोन्ही दिवशी मी तिला सोडून कामावर गेलो, ती तीन तास बसली. पण ते पेपर साधे होते. खरी परीक्षा गणिताची, आणि आदल्या वर्षीचे साडेबारा आम्हा तिघांच्याही घशात अडकलेले. त्या दिवशी मी सुट्टी टाकली.

केंद्र घाटकोपरच्या एका शाळेत होतं. रिक्षात मी गप्प, ती गप्प. वाचून दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. हायवेवर कोणाच्यातरी टेम्पोतून झेंडूचा वास येत होता. एवढं अंतर मी न बोलता कापल्याचं दुसरं उदाहरण नाही. सुनंदा त्याला अजून चमत्कार म्हणते.

गेटवर पोरांची, आईबापांची ही गर्दी. ती आत जायला निघाली आणि मनगटाकडे बघून जागच्या जागी थिजली.

“पप्पा, माझं घड्याळ! टेबलावर राहिलं.”

“असू दे गं, वर्गात असेल.”

“वर्गात नाहीये! दोन्ही पेपरला बघितलंय मी. मला कळणार कसं किती उरलाय?” तिचे ओठ पांढरे पडले होते. हे ओठ मी आदल्या वर्षी बघितले होते. तेवढ्यात आतली घंटा झाली.

मग मी जे केलं ते कुठल्याही बापाने केलं असतं. मनगटावरचं घड्याळ काढलं, तिच्या मनगटावर चढवलं, पट्टा दोन भोकं आत ओढला. “घे. हे आहे ना घड्याळ. पळ!” तिनेही बघितलं नाही, पळाली.

दोन महिन्यांत ते माझ्यासाठी इतकं घड्याळ झालं होतं.

शेजारी दळवी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचा मुलगा आत. थर्मासमधून चहा ओतून देता देता ते म्हणाले, “सुरू झाला असेल ना?” मी सवयीने मनगट वर केलं. तिथे नुसता पांढरा पट्टा, उन्हाने न रापलेल्या कातडीचा. आणि पट्ट्याच्या पलीकडे, गेटवर, रंगवलेली पाटी. ‘मोबाईल, स्मार्टवॉच आत नेण्यास सक्त मनाई. सापडल्यास कारवाई.’

लिफ्टचा दोर तुटला तरी लिफ्ट खाली पडत नाही, ब्रेक धरतात, हे मी लोकांना गेली पंचवीस वर्षं समजावून सांगतोय. पाटी वाचून जे तुटलं त्याला ब्रेक नव्हते.

“दळवीसाहेब, फोन द्या. एक मिनिट द्या!”

मला एकच नंबर पाठ आहे, माझा. आणि इतका सरळ विचार मी आयुष्यात केला नव्हता: घड्याळ तिच्या हातात, घड्याळात माझा नंबर, म्हणजे लावला की तिच्याशी बोलता येईल, ‘बाळा, ते काढून बाहेर ठेव’ एवढंच सांगायचं. लावला. रिंग गेली. पहिली. दुसरी. बरं वाटलं मला, लागला म्हणून! तिसऱ्या रिंगला दळवींच्या फोनवर वेळ दिसली. अकरा वाजून आठ मिनिटं. म्हणजे ती वर्गात आहे. म्हणजे ते आता वर्गात वाजतंय.

म्हणजे मी वाजवतोय.

फोन बंद करायला बोट उचललं, त्याच्या आत पलीकडून कट झाला.

“कट झाला,” दळवी म्हणाले. “परत लावू?”

“नको!” मी असा ओरडलो की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. कावळे खरंच होते. दळवी सांगतील.

मी गेटकडे धावलो. वॉचमन खुर्चीवर बसून चण्याची साल फुंकत होता.

“भाऊ, आत निरोप द्यायचाय. माझ्या मुलीच्या हातात घड्याळ राहिलंय.”

“मग? सगळेच घालतात.”

“तसलं नाही हो. त्यात सिम आहे.”

“सिम आहे?” तो फुंकायचा थांबला. “मग मोबाईलच ना तो?”

“मोबाईल नाही, घड्याळ...”

“काका, काय ते एक सांगा. मोबाईल की घड्याळ? मोबाईल असेल तर मी वर सरांना सांगतो. नाव काय मुलीचं? नंबर काय बैठकीचा?”

तोंड उघडलं मी. साठ इमारतींत वाजणारं तोंड. आणि तेव्हा कळलं, की मी आता जे खरं बोलेन ती माझ्याच मुलीविरुद्धची तक्रार असेल. कदाचित ती अजून लिहितेय. कदाचित कट तिनेच केला. कदाचित कोणाला कळलंच नाही. आणि कदाचित या क्षणी तिला उभं केलंय.

“काय म्हणालात?” वॉचमनने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “ऊन वाढलं, नाही?”

त्यानंतरचे तीन तास मी कुठल्याच प्रकारात सांगत नाही, कारण त्यात काही घडत नाही. शाळेच्या भिंतीबाहेर एक काटेसावर होती. तिचं फूल पडलं की जड आवाज होतो, कोणी ओली चप्पल टाकावी तसा. थप्. मी प्रत्येक थप्ला गेटकडे बघायचो. एरवी आपण आपलं माणूस गेटातून कधी बाहेर येतं याची वाट बघतो. मी ती येऊ नये म्हणून उभा होतो. ती दिसली नाही की जीव खाली बसायचा, आणि लगेच वर यायचा, की दिसत नाही ती लिहितेय म्हणून, की कुठल्यातरी ऑफिसात उभी आहे म्हणून? दिसली तरी वाईट, न दिसली तरी काय ते माहीत नाही. असली वाट मी कधी बघितली नव्हती.

“किती वाजले, दळवीसाहेब?”

“तुम्ही आत्ताच विचारलंत.”

“तेव्हा किती होते?”

“बारा सव्वीस. आता बारा अठ्ठावीस. बसा हो जरा, चहा घ्या.”

साडेबाराला गेटची छोटी खिडकी कुरकुरली. एक मुलगा बाहेर आला, पाठोपाठ दुसरा. मग एक मुलगी. पांढरा कुडता. ती तोंड वळवून कैरीवाल्याकडे गेली तेव्हा दिसलं, ती कोणाची तरी दुसऱ्याची होती. तिचा बाप कुठे आहे म्हणून मी सगळीकडे बघितलं. कोणीच नव्हतं. मला वाटलं जाऊन काहीतरी बोलावं. पण काय बोलायचं असतं, हे मला आदल्या वर्षीही माहीत नव्हतं.

एक वाजला असावा. दीड वाजला असावा. मी विचारायचं सोडून दिलं.

शेवटची घंटा झाली आणि पोरं धरणाचं दार उघडल्यासारखी बाहेर आली. दळवींचा मुलगा आला, “सोप्पा होता” म्हणाला, दळवींनी मला नमस्कार केला आणि गेले. गर्दी पातळ झाली. मग फक्त कागद आणि बाटल्या उरल्या. वॉचमनने गेटाचा एक पल्ला लावून घेतला.

मग दुसऱ्या पल्ल्यातून ती आली. शेजारी एक बाई, पन्नाशीच्या, खांद्यावर पर्स. प्रज्ञाच्या मनगटावर काही नव्हतं.

“हे तुमचे वडील?” बाईंनी विचारलं. प्रज्ञाने मान हलवली. बाईंनी पर्समधून एक खाकी पाकीट काढलं, त्यातून घड्याळ. “वर्गाच्या दारात तिने स्वतः काढून दिलं म्हणून बरं. माझ्या टेबलावर ठेवलं मी. आणि पेपर सुरू झाला तर वाजतंय काय! मला बंद करता येईना. दाबते तर मला उभं राहायला सांगतंय. मी आपली उभी!” त्यांना धाप लागली. “घड्याळ म्हणून फोन देता मुलीला? कळत नाही का तुम्हाला?”

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. एकात अडकलेली म्हातारी होती. तिन्ही घशापर्यंत आली.

“नाही कळत, मॅडम,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि गेल्या.

आम्ही रिक्षा शोधत चालायला लागलो. प्रज्ञाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागलेली, ती कुडत्याला पुसत होती. कोपऱ्यावर वळल्यावर मी विचारलं.

“ऐकू आलं तुला?”

“सगळ्या वर्गाला आलं. मॅडम अशा उभ्या राहिल्या ना, एकदम सावधान! सगळे हसले.”

“आणि तू?”

“मी पण. नंबर कोणाचा ते माहीत नव्हतं, पण तुम्हीच असणार हे कळलं.” तिने कानाची पाळी ओढली. “पहिला प्रश्न तेव्हा मला दिसतच नव्हता, पप्पा. नुसती अक्षरं. हसून झाल्यावर परत वाचला तर दिसला.”

“म्हणजे बरं झालं म्हणायचं मी फोन केला ते?”

“बरं काय झालं? केवढी घाबरले मी!”

“मग वाईट झालं?”

ती विचार करत चार पावलं चालली. “माहीत नाही,” म्हणाली.

मलाही माहीत नाही. तिचे मार्क सांगायची मला मनाई आहे, तो कागद सुनंदाने वेगळा केलाय, त्यावरही माझी सही आहे. पण मार्कांतून तरी हे कुठे कळणार होतं? लाज वाटायला हवी होती, ती वाटत होती. पण तिच्याच खाली कुठेतरी गुदगुल्या होत होत्या, त्या वर्गाच्या हसण्याच्या, जे मी ऐकलंही नव्हतं.

“अजून दोन पेपर आहेत,” प्रज्ञा म्हणाली. “तुम्ही येऊ नका.”

“बरं.”

रिक्षा आली. ती बसली, सरकून मला जागा केली.

“गेटपर्यंत या,” ती म्हणाली. “पण ते घरी ठेवून.”

“आणि मला बाहेर वेळ कशी कळणार?”

“मी बाहेर आले,” ती म्हणाली, “की दोन वाजले.”